ओळ एकशे बारा

सूर्य गेल्या गुरुवारी गेला, आता जानेवारीतच येईल.
वार्डो बंदराच्या कचेरीत सकाळ होते ती पासवर्डाने.
साडेसातला आस्लाउग पहिलं यंत्र उघडते
आणि आइलिफची स्क्रिप्ट जागी होते.

आइलिफला मी पाहिलेलं नाही.
त्याच्या खुर्चीची उंची तेवढी माहीत आहे
आणि टाइप करायची खोड:
प्रत्येक बरोबरच्या चिन्हाआधी दोन जागा मोकळ्या,
जणू उत्तर लिहिण्याआधी श्वास घेतोय.

आधी कालचं सगळं सोड, म्हणते स्क्रिप्ट,
कालचे ड्राइव्ह, कालचे प्रिंटर.
मग विचारते, तू कोण? कुठल्या गटातली?
हिशेबवाल्यांना एच, वजनकाट्याला के,
बोटींच्या परवान्यांसाठी एस.
ए आणि बी कुणाच्याच वाट्याला नाहीत,
ती अक्षरं अजून फ्लॉपीची वाट बघत बसलीत.

पत्ता लिहायचा तर आधी दोन तिरप्या रेघा,
बाहेर कॉड वाळत घालतात
त्या कललेल्या दांड्यांसारख्या.
मग सर्व्हरचं नाव. मग एकच रेघ. मग खोलीचं.
एवढं बिनचूक लिहिलं
की भिंतीपलीकडचं कपाट माझ्या टेबलात उघडतं.
अकरा वर्षं हेच काम करतेय,
अजून नवल वाटतं. कुणाला सांगत नाही.

सगळ्यात वर त्याने लिहून ठेवलंय:
चूक झाली तरी पुढच्या ओळीला जा.
म्हणून तर इतकी वर्षं कुणाला कळलं नाही
की वजनकाट्याची चार यंत्रं
रोज सकाळी तीस सेकंद कुणाला तरी हाक मारतात
आणि पलीकडून ओ येत नाही.
तेवढ्यात आस्लाउग कॉफी ओतते.
रेइदार खिडकीशी जाऊन दिवा मोजतो, बंदरातला,
एक हिरवा, एक लाल, मग काळोख.
सगळ्यांना वाटतं, यंत्रं म्हातारी झाली.

ओळ एकशे बारा.
वरच्या मजल्यावरचा प्रिंटर जोड, तोच मुख्य ठेव.
आणि तिच्या डोक्यावर, यंत्र वाचत नाही अशा ओळीत,
माणसासाठी लिहिलेलं:
टूरिडला आता जिना चढवत नाही.
छापून झालं की कागद मी खाली आणतो.

वर गेले. छप्पर बदललं त्या वर्षीच
सगळं भंगारात गेलेलं.
भिंतीत एक सॉकेट, त्याखाली फरशीवर
चौकोनी फिकट डाग, बस्स.

टूरिड? आस्लाउगने जरा वेळ घेतला.
गुडघे गेले होते तिचे. पण आवाज!
धक्क्यावर उभी राहून बोटीशी भांडायची.
खाली दुसरा प्रिंटर ठेवता आला असता की, मी म्हटलं.
आला असता, ती म्हणाली.
आइलिफ उतरताना शीळ घालायचा जिन्यात,
म्हणजे हिला कळायचं, कागद येतोय.
आणि कप धुवायला गेली.

ओळ पुसायची नसेल तर एक उपाय असतो:
सुरुवातीला एक अवतरणचिन्ह, एकेरी.
ओळ तिथेच राहते. फक्त बोलत नाही.
मी ते टाकलं.

दुसऱ्या दिवशी यंत्रं धडाधड उघडली.
पाणी उकळायच्या आत के समोर हजर.
आज एवढी कसली घाई, असं आस्लाउगने
मला नाही, पडद्याला विचारलं.
रेइदार खिडकीकडे निघालेला,
अर्ध्यात परत येऊन बसला.

तीस सेकंद परत देता येतात, एका शब्दाचं काम.
दिले नाहीत. देणार होते, पण हिशेबाच्या खोलीत
नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, मी तिकडे धावले.

संध्याकाळी, म्हणजे तीन वाजता,
एकशे बाराच्या खाली एक चिन्ह टाकून
माझी ओळ लिहिली,
जो माझ्या खुर्चीत पुढे बसेल त्याच्यासाठी:
प्रिंटर राहिला नाही. जिना आहे.