रात्रीचे पाच, कझान्चीस

आमच्या आदिस अबाबात दिवस मावळला
की घड्याळ पुन्हा एकपासून मोजू लागतं.
रात्रीचा एक, म्हणजे दिवे नुकतेच लागलेले,
आणि माझ्या पिशवीत कथलाची गुंडाळी, डाग द्यायची सळई,
तीन फ्यूज, आणि बायको सोडून जाताना विसरून गेली ती चिमटी.

ज्यांचा आवाज जातो
ते मला फोन करतात.

आधी पियासा.
जुन्या हॉटेलच्या तळघरात आतो लेम्मा सॅक्सोफोन पुसत बसलेले.
वय सत्तर, दात नवे, म्हणून सूर जरा शीळ घालतो.
मी अँप्लिफायरचं झाकण काढतो;
आत झुरळांचं अख्खं कुटुंब उबेला आलेलं.
"राहू दे," लेम्मा म्हणतात, "रोज येणारे तेवढेच."
डाग देतो. घरघर थांबते.
चार टेबलं, दोन माणसं,
आणि पाच पायऱ्यांच्या जिन्यावरून उतरणारी धून
एक पायरी मुद्दाम गाळते, दर वेळी,
आणि दर वेळी माझा पाय हवेत.

पाच वाजता कझान्चीस.
गल्ली इतकी अरुंद की दोन घरांची गाणी एकमेकांत सांडतात.
सेनेदूचा माइक कधीच बिघडत नाही,
तरी दर गुरुवारी ती मला बोलावते.
यिर्गा मासिंको छातीशी धरतो:
चामड्याचं चौकोनी पोट, घोड्याच्या शेपटीची एकच तार.
अझ्मारींची रीतच आहे,
आलेल्याकडे बघायचं आणि उभ्याउभ्या त्याच्यावर गाणं रचायचं.
कंजूषाला राजा म्हणायचं, म्हाताऱ्याला नवरदेव,
आणि नोट कपाळावर चिकटवून घ्यायची.
वर मेण, आत सोनं.
मेण कळतं तो हसतो.
सोनं कळतं तो घरी जातो तेव्हा.

सेनेदू माझ्यासमोर येऊन थांबली.
"गाशाव गल्लोगल्ली डाग देत हिंडतो,
जिच्या अंगावर एक डाग नाही, तिच्याच दारी खोळंबतो!"
घर हसलं. मीही हसलो,
चंबूतली मधाची दारू नाकात गेली इतका.

सातला बोले.
काचेच्या भिंती, दारात पहिलवान, आत गायकच नाही,
एक लॅपटॉप, आणि तोही तापलेला.
रोबेल, मालकाचा पोरगा, ओरडून काहीतरी सांगतो,
मी त्याच्या ओठांवरून समजून घेतो: डावीकडचा स्पीकर.
मी वायरींच्या गुंत्यात ओणवा,
आणि शेजारी एक मुलगी फोनच्या उजेडात जमीन चाचपडतेय.
कानातलं पडलं होतं. आजीचं, म्हणाली, रडवेली.
सापडलं मलाच, वायरखाली.
सोन्याचा तो एवढासा डाग तिच्या तळहातावर ठेवला
आणि माझा हात तिथंच राहिला.

सेनेदूच्या कानांना भोकं आहेत.
दोन्ही रिकामी.
आणि माइक, जो कधीच बिघडत नाही,
जर्मन आहे, नवाकोरा,
त्याची किंमत मी कधी विचारली नव्हती.

स्पीकर तसाच टाकून निघालो.
रोबेल मागून काय ओरडला, ओठ दिसले नाहीत.

निळ्या टॅक्सीवाल्यानं गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं, पुढं विटांचा ढीग होता.
दारादारावर पालिकेची लाल फुली.
तिच्या दाराला संध्याकाळी पडदा होता;
आता तो काढून, घडी करून, खुर्चीवर ठेवलेला.
फुली वाळलेली. निदान दोन दिवसांची.

यिर्गा जुन्या गाबीत मासिंको गुंडाळत होता, तान्ह्याला गुंडाळावं तसा.
त्यानं मला पाहिलं आणि बाहेर गेला, विडीसाठी.
तो विडी ओढत नाही.

"माइक बिघडलाय," सेनेदू म्हणाली.

मी खाली बसलो. जाळी काढली, स्क्रू ओळीनं मांडले.
आत सगळं जिथल्या तिथं, चकचकीत.
"वेळ लागेल," मी म्हणालो,
आणि सळई तापत ठेवली.