फिरकी

दोहाच्या कडेला, तळघरात, रात्रीचे दोन.
वर डांबर अजून दुपार धरून बसलेलं.
खाली शीतयंत्राच्या पोटात
निरपेक्ष शून्यापासून केसभर अलीकडे
माझा ठिपका.

इब्राहिम हमदुले हेलियमची टाकी ढकलत येतो.
"रास लफानचा माल, मॅडम. इथलाच,"
म्हणतो, आणि टाकीला गाभण गाय असावी तसं थोपटतो.
मग रोजचंच:
"आज गेला का पलीकडे?"

कोण जायचंय, ते मी त्याला
एकदा टिश्यूपेपरवर काढून दाखवलं होतं.
डावीकडे कोबाल्ट. चुंबक.
तिथून निघणारे बहुतेक एकाच दिशेला तोंड केलेले.
मधे ठिपका: एक खाट, एक माणूस;
दुसरा आला की पहिल्याचा भार त्याला दारातच अडवतो.
उजवीकडे ॲल्युमिनियम, थंडीत अतिवाहक झालेलं.
तिथे एकट्याला प्रवेश नाही.
जोडीनं या, एक वर, एक खाली,
अशी उलट फिरकी हवी.

"फिरकी? माझी घेताय काय?"
मग बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.
"म्हणजे शुक्रवारचा पार्क.
फाटकावर शिपाई: ओन्ली फॅमिली.
मी आपला जाळीतून दुसऱ्यांच्या पोरांचे झोके मोजतो."

मी म्हणाले, उपमा चुकली,
इलेक्ट्रॉनला पगाराची अट नसते.
म्हणाले, आणि जीभ चावली.
त्याची फाइल तिसऱ्यांदा परत आली होती
त्याच आठवड्यात.

अकरा महिने आलेख सपाट.
आज दोन वाजून चाळीस मिनिटांनी
मधोमध एक बारीक उंचवटा.
पुसून पाहिला पडदा, धूळ नव्हती.
कोबाल्टच्या त्या गर्दीत
उलट्या तोंडाचा एखादा सापडला होता कुणाला तरी,
आणि दोघं आत गेले होते.

हाक मारायला वळले तर
टाक्यांच्या आड इब्राहिम, फोन छातीशी.
दाभोळला पाच वाजून गेलेले.
"उठलीस? पाणी आलं नळाला?"
पंपाच्या धडधडीत
पलीकडचं काही ऐकू आलं नाही.

थांबले. तो आला.
"गेला?"
"गेला. सोबतीनं."
"आणि मागं? परत काय आलं?"
"पोकळी. एक रिकामी जागा.
आमच्या शास्त्रात तिला धन म्हणतात."

"बरोबरच आहे," तो म्हणाला,
आणि रिकामी टाकी घेऊन
लिफ्टकडे निघाला.