दोन मात्रा

मारिकिनात, चपलांच्या कारखान्याच्या माडीवर
माझी खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे,
दाराआड उभी केलेली गादी,
आणि छातीएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ.
नदी एकदा इथवर येऊन गेली.

रोदेसा आली तेव्हा गाणं नव्हतं.
वही होती, वहीत भांडण होतं,
तारीखवार, खाडाखोडीसकट.
पहिलीच ओळ: भाताचा कुकर तू नेलास,
झाकण माझ्याकडे राहिलं.

मी म्हटलं, कुकर गाण्यात बसत नाही गं.
तालात नाही आणि रेडिओवर तर नाहीच.
'पुसो' घाल. आमच्याकडे काळजाला पुसो म्हणतात.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसा काही कुकर मीच लांबवलाय.
मग कुकर पुसला, पुसो लिहिलं,
पेन्सिलीनं, अगदी बारीक.

ताल खालून मिळाला.
म्हातारा आर्कादियो सोल ठोकायचा,
दोन जलद, एक सावकाश,
एक चुकलेला, त्यावर एक शिवी.
ड्रमर परवडणार नव्हता,
त्याच्या हातोडीवरच गाणं चढवलं.
शिवी तेवढी काढली.

रात्रभर गायली. नऊ टेक.
घसा बसला ते एका अर्थी बरंच झालं,
धुतल्या आवाजातलं रडणं कुणाला पटतं?
दहाव्याला खिडकी उजळत होती.
तिसऱ्या कडव्यात
'तू नसलास तरी' एवढं म्हणून ती थांबली.
दोन मात्रा. काहीच नाही.
मग पुढची ओळ, जराशी घाईत, जराशी हलकी.

तोच टेक गेला.

मग काय विचारता. जीपनीत, सलूनमध्ये,
दमामला नर्सांच्या वसतिगृहात, जहाजांच्या भटारखान्यांत.
एका लग्नातही वाजलं, का ते नवऱ्यामुलालाच ठाऊक.
डिसेंबरात तर गल्लीगल्लीत व्हिडिओके
आणि मध्यरात्रीपर्यंत तेच ते.
आणि त्या दोन मात्रा!
लोक तिथं डोळे मिटतात, माइक छातीशी धरतात.
सेबूच्या एका प्राध्यापकानं लिहिलं,
गिळलेल्या हुंदक्याला आवाज असता तर तो असा असता.
मुलाखतीत रोदेसाला विचारलं, तिथं काय झालं होतं?
म्हणाली, आठवत नाही.

मला आठवतं. मूळ ट्रॅक माझ्याकडे आहे.
खाली गल्लीत ताहोवाला आला होता,
खांद्यावरच्या कावडीत दोन डबे, सोयाचं ऊन ऊन दही,
वरून गुळाचा पाक, साबुदाणा.
'ताहोऽऽऽ', खर्जात उठून वर चढत जाणारं.
ती आरोळी मी कापली, दोन्ही टोकं नीट जुळवून.
आरोळीच्या मागोमाग, माइकपासून मान वळवून,
तिची कुजबुज होती, तीही कापली:
'दादा, सुटे आहेत का?'

अकरा दिवसांनी तिला भूक लागली होती.

झाकण माझ्याकडेच राहिलंय.
कॉफीवर ठेवतो. मगापेक्षा फार मोठं आहे,
पण माशी बसत नाही.

जोवेन्सियो, कुकर नेला तो,
बातांगासला गावच्या फिएस्टात हेच गायला म्हणे.
मशीननं सत्त्याण्णव दिले, वर तुताऱ्या वाजवल्या.
परवा माझ्यासमोर रोदेसा गायली,
स्वतःचंच गाणं, कोपऱ्यावरच्या खानावळीत.
चौऱ्याऐंशी.
तिनं मशीनला एक चापट मारली,
पुन्हा नाणं टाकलं,
तिसऱ्या कडव्यापाशी आली, थांबली.
टेबलं गप्प. कुणीतरी डोळे मिटले.
तेवढ्यात तिनं माझ्या ताटलीतली
शेवटची लुंपिया उचलून तोंडात टाकली
आणि पुढची ओळ भरल्या तोंडानं म्हटली.

ब्याऐंशी.