टुल्लू

रात्री साडेदहाला मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत
सगळे कूलर घुमायला लागले
की माझा मुलगा विचारतो,
"बाबा, गॅस बंद आहे ना?"
मी म्हणतो, हो.
"नीट म्हणा."
हो.
"असं नाही, मघाशी म्हटलं तसं."
आणि मी, अजनी यार्डात बारा वर्षं
डब्यांखाली वाकून टॉर्च मारणारा माणूस,
स्वतःच्याच गळ्यात शोधत बसतो तो "हो"
जो मघाशी कुठेतरी बरोबर लागला होता.

संबोध नऊ वर्षांचा आहे.
त्याच्या बोटांना भेगा पडल्या तेव्हा
"उन्हानं असेल," म्हणाली त्याची आई.
मग साबणाची वडी चार दिवसांत संपायला लागली.
मग पान फाटेपर्यंत खोडलेला एकच 'क'.
मग ऑटोवाले शेंडेकाका तीनदा हॉर्न वाजवून निघून गेले
आणि हा दारात, कडीला हात लावून मोजतोय.

मी ओरडलो एकदा. लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही.
"काय करून राहिला बे? एकदा पाहिलं ना!"
तो रडला नाही. एवढंच म्हणाला,
"मला माहीत आहे बाबा, बंद आहे.
माहीत असून पुरत नाही."

धंतोलीच्या दवाखान्यात त्यानं दोनदा खुर्ची बदलली.
डॉक्टरबाईंनी विचारलं, "कशी आहे रे तुझी ही काळजी?"
मला वाटलं भूत म्हणेल, नाहीतर वाघ.
तो म्हणाला, "कूलरमधल्या टुल्लूसारखी.
तेच पाणी वर नेतो, ताट्यांवर सोडतो,
ते खाली येतं, परत तेच वर नेतो.
त्याला वाटते नवीन आलं."
बाई लिहायच्या थांबल्या.
मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या,
"आणि तुमचा 'हो' म्हणजे बादली.
पाणी संपत आलं की तुम्ही ओतता."

परतताना तुकडोजी पुतळ्याच्या सिग्नलवर
मी बादल्या मोजायला लागलो
आणि हिरवा कधी झाला ते कळलं नाही.

आता आमचं ठरलंय.
तो विचारतो. मी म्हणतो, "टुल्लू सुरू झाला वाटते."
"हो ना. पण आहे ना बंद?"
मी गप्प.
ऐकायला सोपं आहे, गप्प बसणं.
पोरानं बनियन मुठीत धरलेलं असतं,
श्वास अर्ध्या छातीतूनच परत येतो त्याचा,
आणि माझ्या जिभेवर ते एकच अक्षर,
फुंकर न घातलेल्या चहासारखं,
तसंच गिळायचं.
पहिल्या रात्री बावीस मिनिटं.
तिसऱ्या रात्री मीच हरलो: "हो रे राजा, बंद आहे."
त्याची आई कुशीवर वळली, बोलली काही नाही.
असं होईल, बाईंनी सांगितलंच होतं.

परवा त्याला यार्डातलं सांगितलं.
एकदा बघायचं, खडूनं खूण करायची,
पुढच्या डब्याकडे जायचं.
गाडी सुटताना पोटात काहीतरी हलतंच.
"मग तुम्ही काय करता?"
हलू देतो.
"आणि गाडी?"
गाडी जाते सेवाग्रामकडे.
त्यानं बराच वेळ विचार केला,
मग विचारलं, खडू कोणत्या रंगाचा.

काल अकराला लाइट गेली.
गल्लीभर एकदम शांत, फक्त ताट्यांतून गळणारे थेंब.
अंधारात आवाज आला, "बाबा."
मी ओठ मिटून तयार.
"टुल्लू बंद पडला."
कोणता, ते मी विचारलं नाही.

लाइट आली तेव्हा तो दाराशी उभा होता.
कडीला एकदा हात लावला.
दुसऱ्यांदा उचलला,
तसाच धरून ठेवला हवेत,
मग त्याच हातानं पाठ खाजवत
गादीवर येऊन आडवा झाला.