एक सूत

पिकअप आली तेव्हा मिरचीचा हंगाम भरात होता.
नंदुरबारच्या हवेतच ठसका.
मागच्या पटांगणात लाल पथाऱ्या,
पुढे आमचं गॅरेज: एक खड्डा, दोन जॅक,
शिंकणारे वडील, आणि मी.

हिलालअण्णा उतरले ते उजवा खांदा पाडूनच,
जणू स्टेअरिंग सोबत घेऊन उतरले.
"डाव्या अंगले वढस," एवढंच बोलले.
शहाद्याहून प्रकाशाच्या पुलावरून
रोज दोन खेपा. अकरा वर्षं.

वडिलांनी गाडीकडे पाहिलंच नाही.
टायरवर तळहात ठेवला, आतून बाहेर नेला:
गुळगुळीत.
बाहेरून आत आणला:
ज्वारीच्या पात्यासारखा अडला.
"पुढून फाकलीत," म्हणाले. "बघ."
मला काही दिसेना.
तीन सूत म्हणजे किती, करंगळीचं नख.

पुढचा अ‍ॅक्सल सलग, सत्त्याण्णव सालचा,
एका चाकाचं दुखणं दुसऱ्याला कळतं असा.
डावा पाटा बसला होता, त्याखाली पाचर सारली.
टाय रॉडचा नट मात्र हलेना.
त्याला रॉकेल पाजलं. तो रात्रभर पीत राहिला,
हिलालअण्णा हौद्यात झोपले.

सकाळी चाक उचललं, फिरवलं,
फिरत्या रबरावर खडू फासला,
विटेवर टेकवलेल्या खिळ्यानं त्यात एक रेघ.
दुसऱ्या चाकाला तशीच.
मग गाडी जमिनीवर, आणि ढकलून
वावभर मागे, वावभर पुढे,
अंग मोकळं करायला.

टेपचं एक टोक त्यांचं, एक माझं.
आधी मागून, मग पुढून,
रेघेपासून रेघेपर्यंत.
पुढून मोजताना त्यांना शिंक आली.
टेप सटकला.
पटांगणात बाया मिरची उलथत होत्या,
त्यांना काय माहीत.
"पुन्हा."
पुन्हा शिंक.
पाचव्यांदा त्यांनी नाकाला रुमाल बांधला
आणि मी श्वास धरला.

रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे, एका टोकाला उलटे.
पाइप पान्यानं पिळला की तो लांबतो,
चाकांच्या टाचा दूर सरतात,
चवडे जवळ येतात.
अर्धा आटा. मोजा.
पाव आटा. मोजा.
एक सूत आत आल्यावर ते थांबले.

मी म्हटलं, सरळच का नाही ठेवायची?
अगदी सुतासारखी?
"उभी असताना सरळ ठेवली
तर धावताना फाकतात.
रस्ता मागे रेटतो त्यांना."
नट आवळत, माझ्याकडे न बघता:
"म्हणून उभ्यानं थोडं एकमेकांकडे बघू द्यायचं."
घरी आई आणि ते आठवडाभर बोलत नव्हते.
मी काही बोलले नाही.

स्टेअरिंग मध्यावर आणलं, आणि चक्कर मारायला
दोंडाईचा रस्त्याला निघालो.
हिलालअण्णा चालवताना, मी मध्ये, वडील खिडकीशी.
गाडी उजवीकडे गेली.
अण्णांनी ती आणली. ती पुन्हा उजवीकडे.
"मिस्तरी, आते उजव्या अंगले जाई राहिनी."
वडिलांनी त्यांच्या हातांकडे बघितलं,
शिरा फुगलेल्या, अकरा वर्षांची पकड.
"गाडी नही, तू जाई राहिना.
सोड."

सोडणं त्यांना जमेना.
एक बोट उचललं. दुसरं.
मग दोन्ही तळवे हवेत धरले,
गरम तव्यावरून उचलल्यासारखे,
आणि गाडी सरळ चालत राहिली,
एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत,
कुणी न धरता.
अण्णा हसले नाहीत. घाबरले होते.

ते गेले तेव्हा मी रस्त्यात उभी राहून मागून बघत होते.
उजवीकडे थोडी. परत.
उजवीकडे थोडी, आधीपेक्षा कमी.
प्रकाशाच्या पुलापर्यंत खांदा विसरला असेल,
नसेलही.

पैसे घ्यायचे राहिले, ते वडिलांच्या लक्षात आलं
पुढच्या शिंकेनंतर.