टिंब

भोसरीच्या शेडमध्ये कूलंटचा आंबूस वास.
तांबोळी सर स्क्रीनवर बोट ठेवतात:
"एक्स पन्नास. आणि टिंब? ते कोण देणार, शेजारचा?
टिंब नसलं की पन्नास मायक्रॉन होतात, बाई.
केसाहून बारीक.
टूल सरळ जॉबच्या पोटात."

सातवीत अनुस्वारापायी अर्धा मार्क गेला
तेव्हा रडले होते.
इथे इन्सर्ट जातं, स्पिंडल जातो,
वर सर दिवसभर बोलत नाहीत.

टिंब देते.
सिंगल ब्लॉक. अंगठा फीड होल्डवर,
श्वास कुठे ठेवलाय, आठवत नाही.
टूल येतं, बिचकल्यासारखं थांबतं, मग
निळसर कीस उलगडत जातो
लोखंडाचा.

सुटताना हजेरीवर सही:
हेमांगी खंदारे.
आजवर घाईत गाळलेली
दोन्ही टिंबं दिली.