एकसष्टावं षटक

कर्वे रस्त्यावरच्या हाडांच्या डॉक्टरीणबाई
माझ्या पंजांचा एक्स-रे उजेडावर धरून विचारतात,
अपघात कधी झाला होता?
मी म्हणतो, बाई, कुठल्या बोटाचा?

डाव्या हाताची अनामिका घारेची.
अंगठा घारेचा. करंगळीचं वरचं पेर, तेही त्याचंच,
एकदम नाही, दर रविवारी थोडं थोडं.
विष्णू घारे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला,
रात्रपाळी संपवून सायकलवरून थेट मैदानात यायचा
आणि साइटस्क्रीनला पाठ घासून धाव सुरू करायचा.
मी यष्ट्यांमागे एकवीस पावलं,
तरी चेंडू आधी पोचायचा, त्याचं हुंकारणं मागाहून.
गुपित असं काही नव्हतंच त्याच्यात.
येतोय हे भेळवाल्यालाही दिसायचं,
आणि तरी कुणाला काही करता यायचं नाही.

आणि ही उजवी तर्जनी?
ती दारात सापडली, बाई. क्रिकेटची नव्हे.

ओगल्यांनी माझं एकही हाड मोडलं नाही.
माधवराव ओगले, वेधशाळेत कारकून,
आठवडाभर वारा आणि आर्द्रता वहीत उतरवायचे
आणि रविवारी तीच वही गोलंदाजीला लावायचे.
आठ पावलांची धाव,
हातात काठोकाठ भरलेलं पातेलं असावं तशी.
डिसेंबरात नदीवरचं धुकं मैदानात शिरलं
की चेंडू नाकाशी धरून म्हणायचे,
"अकरापर्यंत वळेल. मग नुसती हमाली."
शिवण स्लिपकडे कललेली, दोन बोटं तिच्या अंगाला लागून;
चेंडू ऑफस्टंपची विचारपूस करत यायचा,
आता बसेल असं वाटायचं,
आणि उंबऱ्यावरूनच "बरं, निघतो" म्हणून बाहेरच्या बाहेर.
फलंदाज बॅट पुढे करून तसाच उभा,
चहाचा कप पुढे केल्यासारखा.
अजून मी कुलपात किल्ली घालताना
हात तसूभर उजवीकडे नेतो.
हे एक्स-रेत दिसत नाही.

क्लबात अर्थातच दोन तट.
कसोटीत शेवटी वेगच लागतो, घारेवाले म्हणत,
पाचव्या दिवशी हवा नाही, मनगट नाही, छातीच.
स्कोअरर कानडे पेन्सिलीला टोक काढत बोलायचे,
"घारेची भीती पॅड सोडले की संपते.
ओगल्याचा संशय माणूस घरी घेऊन जातो."
मला कुणी विचारलं नाही.
यष्टिरक्षकाला कोण विचारतं?

मग तो मार्चमधला दुपारचा रखरखाट, सोलापूरवाले सात बाद,
चेंडू एका अंगाने पायपुसणं झालेला,
दुसऱ्या अंगाने ओगल्यांनी विजारीवर घासून जपलेला.
एकसष्टावं षटक. घारे दमलेला.
शिवण स्लिपकडे, चकाकी आत,
वहीप्रमाणे बाहेर जायला हवा. मी उजवीकडे निघालोसुद्धा.
तो आत आला.
उशिरा, खोल, कुणीतरी दोरी ओढल्यासारखा आत,
आणि लेगस्टंप माझ्या पायाशी येऊन पडला.
पंचांनी चेंडू दोनदा उलटापालटा करून पाहिला.
मिडऑफला ओगले डोक्यावर हात ठेवून,
टाळ्या वाजवायच्याही विसरून.
"काय केलंस?"
"मी? जोरात टाकला."

तीन आठवडे ओगले तक्ते चाळत राहिले.
त्या गोष्टीला निदान आमच्या पुण्यात तेव्हा नाव नव्हतं.

परवा कसोटी पाहताना नात म्हणाली,
"रिव्हर्स आहे, आजोबा," भाजीचा भाव सांगावा तसं.
तेवढ्यात फोन वाजला. सहकारनगरहून ओगले, वय चौऱ्याऐंशी,
नमस्कार नाही, चमत्कार नाही:
"पाहिलंस? जोरात टाकला."
मग दोघंही बराच वेळ गप्प.
घारे जाऊन सहा वर्षं झाली.

डॉक्टरीणबाई विचारतात, दुखतं का?
थंडीत. धुकं असलं तर.
साधारण अकरापर्यंत.